बारा एमांची ओळ

"मामा, दोन कॉलम ठेवू की तीन?"

भाचीनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. जेवणाच्या टेबलावर अर्धे सोललेले मटार पसरले होते. सदाशिव पेठेतल्या एका लहानशा वाचनालयाची वेबसाइट ती करून देते आहे. तिच्या आजोबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथलं सभासदत्व जुनं, म्हणून पैसे न घेता. कार्यकारिणीत सात जण आहेत आणि प्रत्येकाला आपली गोष्ट सगळ्यात वर हवी आहे: कुणाला नव्या पुस्तकांची यादी, कुणाला थकलेल्या वर्गणीची सूचना, कुणाला देणगीदारांची नावं. भाचीनं दोन नमुने केले होते. एकात रुंद मजकूर आणि उजवीकडे अरुंद पट्टी. दुसऱ्यात दोन्ही बाजूंना पट्ट्या आणि मधे मजकूर.

"मला काय विचारतेस? वेबसाइटमधलं मला काय कळतंय?"

"वेबसाइटमधलं नाही रे. कॉलममधलं कळतं ना तुला?"

हे मात्र नाकारता येईना. १९७७ साली, एकोणिसाव्या वर्षी, मी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायला लागलो. पुढं एका दैनिकात कात्री-गोंदानं पानं चिकटवली, मग तीच पानं संगणकावर लावली आणि २०१६ साली घरी बसलो. जवळजवळ चाळीस वर्षं कॉलम भरण्यात गेली. पण दोन की तीन, असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. कॉलम किती, ते आम्ही कामावर यायच्या आधीच ठरलेलं असायचं. कुणी ठरवलं होतं ते? मटार सोलता सोलता हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. भाचीला म्हटलं, आठ दिवस दे.

छापखान्यात आम्ही कॉलमच म्हणायचो. लिहिणारी मंडळी रकाना म्हणायची आणि 'स्तंभ' हा शब्द स्तंभलेखकांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. एकाच वस्तूची ही नावं, पण नीट पाहिलं तर कामं निराळी. रकाना म्हणजे कप्पा, 'खालील रकाने भरा' मधला. स्तंभ म्हणजे खांब. खांब भार पेलतो आणि कप्पा वस्तू वेगवेगळ्या ठेवतो. मागं जाऊन पाहिलं तेव्हा दिसलं की कॉलमचा सगळा इतिहास या दोन कामांमध्ये येरझारा घालतो.

सगळ्यात जुना खांब सापडला तो ताडपत्राच्या पोथीत. ताडपत्र हातभर लांब आणि चार बोटं रुंद. सुटी पानं एकत्र ठेवायची तर भोक पाडून दोरा ओवावा लागे. एक भोक असलं तर पानाच्या मधोमध जागा सोडायची, दोन असली तर दोन ठिकाणी. म्हणजे ओळ आपोआप दोन किंवा तीन तुकड्यांत विभागली जायची. हे कॉलम कुणा लेखकानं ठरवले नव्हते, दोऱ्यानं ठरवले होते. गंमत पुढंच आहे. कागद आला, दोरा गेला, भोक गेलं, तरी कित्येक लेखनिकांनी मधली कोरी जागा ठेवलीच आणि तिच्यात लाल ठिपका नाहीतर फूल काढलं. गरज संपली तरी सवय नक्षी होऊन राहिली. असं माझ्या धंद्यात पुढं किती वेळा झालं ते मोजता येणार नाही.

पण पोथीत कप्पाही आहे, आणि तो फार देखणा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली निघालं. मुंबई सरकारनं १८६६पासून जमवलेली हस्तलिखितं पुढच्याच वर्षी डेक्कन कॉलेजातून तिथं आली. त्या पोथ्यांच्या जगात पान लावण्याचे दोन प्रकार नावानिशी आहेत. मूळ श्लोक पानाच्या मधे ठळक अक्षरात आणि टीका त्याच्या वर-खाली बारीक अक्षरात, ते त्रिपाठी पान. टीका चारही बाजूंनी, समासातसुद्धा, ते पंचपाठी. लेखनिकाला बोरू उचलण्याआधीच ठरवावं लागे की मूळ कोणतं आणि टीका कोणती, आणि टीका किती लांबणार. अंदाज चुकला की मुळाभोवती जागा उरे नाहीतर टीका गुदमरे. पहिल्यांदा असं पान पाहिलं तेव्हा मी दैनिकातून नुकताच निवृत्त झालो होतो. मनात आलं, हा माणूस आमच्या रात्रपाळीला हवा होता.

दुसरा कप्पा माझ्या घरातलाच. वडील रविवार पेठेत एका कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. लाल पुठ्ठ्याची नवी वही आली की पहिल्या दिवशी ते काही लिहीत नसत. पानं दुमडत बसत. पान अर्ध्यात, मग पुन्हा अर्ध्यात, आणि प्रत्येक घडीवरून अंगठ्याचं नख दाबून फिरवायचं. पान उलगडलं की शाईची एकही रेघ नाही, पण उभे कप्पे तयार. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आकडा घडीच्या आत, तपशील पुढच्या घड्यांत. मी लहानपणी विचारलं होतं, पट्टीनं रेघा का नाही मारत? ते म्हणाले, रेघ पुसते, घडी पुसत नाही. आमच्या घरी पान लावणारा मी पहिला असं मी समजत होतो, ते खरं नव्हतं.

मराठीतला छापील कॉलम आला तोही कप्पा म्हणूनच. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं, तेव्हा पानावर दोन रकाने होते, एकात इंग्रजी आणि शेजारी मराठी. एकच मजकूर, वाचणारे दोन. रकान्याची सीमा ही भाषेची सीमा होती. पान लावणारा म्हणून मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. दोन भाषांत तोच मजकूर कधी सारख्या लांबीचा होत नाही. एक रकाना आधी संपतो, दुसरा खाली रेंगाळतो. त्या वेळच्या जुळाऱ्यांनी दर अंकाला हा हिशेब केला असणार आणि त्यांचं नाव कुठंही नाही.

मग अर्थासाठी आलेला हा कप्पा खांब कधी झाला? त्याचं उत्तर कागदाच्या तावात आहे. इंग्लंडात १७१२पासून वर्तमानपत्रावर कर बसला तो तावावर. मजकूर वाढवायचा तर तावांची संख्या वाढवण्यापेक्षा तावच मोठा करणं छापणाऱ्यांना स्वस्त पडे. तो कर १८५५मध्ये उठला, तोवर वर्तमानपत्र म्हणजे मोठा ताव हे डोळ्यात बसलं होतं. मोठ्या तावावर बारीक टाइप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचणं कुणाला जमणार? ओळ संपवून डोळा परत डावीकडे येतो तेव्हा त्याला पुढची ओळ सापडायला हवी. ओळ फार लांब असली तर तो वाट चुकतो, तीच ओळ पुन्हा वाचतो किंवा एक गाळतो. म्हणून ओळ आखूड, म्हणून कॉलम.

यंत्रानं त्यात आणखी भर घातली. १८४७ साली अमेरिकेत रिचर्ड हो यांचं नवं यंत्र चालू झालं. त्यात खिळे सपाट पाटावर नसून फिरत्या रुळावर बसवलेले असत. ते उडून जाऊ नयेत म्हणून दोन कॉलमांच्या मधे पाचरीसारखी निमुळती पट्टी ठोकलेली असे. बातमी कितीही मोठी असो, मथळा त्या पट्टीला ओलांडू शकत नसे, कारण ओलांडला तर खिळे भिंतीवर. म्हणजे हा खरोखरीचा खांब, काढला तर छप्पर कोसळणारा.

पुण्यात यातलं सगळं थोडं थोडं येऊन पोचलं. १२ फेब्रुवारी १८४९ रोजी 'ज्ञानप्रकाश' साप्ताहिक म्हणून सुरू झालं आणि १९०४मध्ये दैनिक झालं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ सालची. ती मासिक, पुस्तकासारखी, सलग ओळीची. एका बैठकीत एकाच विषयावर वाचणाऱ्यासाठी तेच योग्य. याच विष्णुशास्त्र्यांनी टिळक, आगरकर, नामजोशी यांच्याबरोबर ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी' काढला, तो मात्र वर्तमानपत्राचा ताव, रकान्यांचा. माणूस तोच, भाषा तीच, पण ओळीची लांबी बदलली, कारण वाचणारा बदलला होता. तो आता गावच्या पारावर, देवळात, पेढीवर वाचणार होता, शेजाऱ्यालाही ऐकवणार होता आणि एका बातमीवरून दुसरीवर उडी मारणार होता.

'केसरी' जिथं छापला जाई तो आर्यभूषण छापखाना हलवताना टिळक-आगरकरांनी खिळ्यांच्या पेट्या स्वतः वाहून नेल्या, ही गोष्ट पुण्यातल्या प्रत्येक जुळाऱ्याला ऐकवलेली असते. मला ती कामाच्या दुसऱ्याच दिवशी ऐकायला मिळाली. जुळलेल्या ओळींनी भरलेलं तबक उचलताना मी "किती जड आहे" म्हणालो, आणि आमचे फोरमन अण्णा म्हणाले, "आगरकरांना दमा होता. त्यांनी नाही तक्रार केली."

अण्णांनी मला पहिला धडा दिला तो ओळीच्या लांबीचा. स्टिक म्हणजे डाव्या हातात धरायची लोखंडी पट्टी, एका बाजूला सरकता चाप. आमच्याकडे एक साप्ताहिक छापलं जाई, त्याचा कॉलम बारा एमांचा होता. पायका या आमच्या मापाचे सहा एम म्हणजे एक इंच, म्हणजे आमची ओळ दोन इंचांची. बारा एम शेजारी शेजारी ठेवून चाप घट्ट करायचा, आणि मग दिवसभर त्या दोन इंचांत जगायचं.

दोन इंचांत मराठी मावते किती? बारा पॉइंटात चार शब्द, फार तर पाच. आणि आपले शब्द पाहा. 'पुणे महानगरपालिकेच्या' एवढंच आलं की ओळ संपत आली. पुढचा शब्द 'सर्वसाधारण', तो मावत नाही. मग एक तर दोन शब्दांच्या मधे स्पेस घालून ओळ ताणायची, नाहीतर शब्द तोडून पुढं न्यायचा. इंग्रजी शब्द उच्चाराच्या तुकड्यांवर मोडता येतो. आपल्याकडे जोडाक्षर मोडत नाही, रफार आपल्या अक्षरापासून सुटत नाही, वेलांटी आणि काना ज्याचे त्याच्यापाशीच राहतात. 'विद्यार्थ्यांच्या' कुठं तोडशील, असं अण्णांनी विचारलं होतं. मी 'विद्यार्थ्यां' आणि 'च्या' केलं. त्यांनी स्टिक उलटी केली, खिळे केसवर, म्हणजे खिळ्यांच्या कप्प्यांच्या पेटीवर, सांडले. "ओळीच्या सुरुवातीला एकटा 'च्या' उभा करायचा नाही. वाचणारा म्हणतो, कुणाच्या?" तोडायचंच तर 'विद्या' नंतर, नाहीतर आख्खी ओळ पुन्हा जुळव.

ताणलेल्या ओळी एकाखाली एक आल्या की शब्दांमधल्या जागा जुळून येत आणि कॉलमभर पांढऱ्या भेगा पडत. गॅलीप्रूफ हातात घेऊन अण्णा ते डोळे अर्धे मिटून लांबून बघत. त्यांना मजकूर वाचायचा नसे, भेगा मोजायच्या असत.

हे गॅलीप्रूफ काय ते सांगायला हवं, कारण पुढं त्याच्याशी काम आहे. जुळलेल्या ओळी लांबट पत्र्याच्या तबकात, म्हणजे गॅलीत, एकाखाली एक रचायच्या. वरून शाईचा रूळ फिरवायचा, ओलसर कागद ठेवून दाबायचा. निघते ती हातभर लांब, एका कॉलमाएवढी रुंद कागदाची पट्टी. तीवर मुद्रितशोधक खुणा करणार. त्या वेळी ही बातमी पहिल्या पानावर जाणार की शेवटच्या, डावीकडे की उजवीकडे, हे ठरलेलं नसतं. ते दुरुस्ती झाल्यावर. मग कॉलमाचे तुकडे करायचे, दोऱ्यानं बांधायचे, मधे पितळी रूळ उभा करायचा आणि सगळं लोखंडी चौकटीत आवळायचं. त्याला आम्ही पान लावणं म्हणायचो. आजही दैनिकांत 'पान लावलं का' असंच विचारतात. शिसं जाऊन किती तरी वर्षं झाली, क्रियापद राहिलं.

छापखान्याच्या मालकांकडे पानशेत धरण फुटल्याची एक आठवण होती. १२ जुलै १९६१च्या पुरात त्यांच्या केसेस गाळानं भरल्या होत्या. पाणी ओसरल्यावर घरच्या बायकामुलांनी चाळणीत गाळ धुऊन खिळे वेचले. लावून ठेवलेलं एक पान होतं. त्याच्या लाकडी पट्ट्या फुगल्या आणि चौकट उसवली, कॉलम एकमेकांत मिसळून गेले. मालक म्हणायचे, अक्षर एकही हरवलं नाही रे, पण वाचता काहीच येईना.

मग मी दैनिकात गेलो. शिसं मागं राहिलं. आता मजकूर फोटोच्या कागदावर छापून येई, लांब पट्ट्यांत, आणि आम्ही पेस्टिंगवाले त्या पट्ट्या कापून आखलेल्या पानावर चिकटवत असू. पितळी रुळाच्या जागी निळ्या पेन्सिलीची फिकी रेघ. कॅमेऱ्याला निळा दिसत नाही, म्हणून ती छापली जात नसे. म्हणजे खांब गेला होता, त्याची फक्त आठवण पानावर होती. तरी कॉलम मात्र आठच.

ते आठ कुणी ठेवले होते, हे समजायला मला हिशेबनिसाच्या टेबलाशी जावं लागलं. 'सकाळ' १ जानेवारी १९३२ रोजी नानासाहेब परुळेकरांनी काढला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस, त्यानं पुण्याला शिकवलं की वर्तमानपत्र मतांवर नव्हे तर बातमीवर चालतं. बातमीवर चालणाऱ्या पत्राला खप लागतो, खपाला जाहिरात लागते आणि जाहिरात मोजायला माप लागतं. ते माप म्हणजे कॉलम. आधी कॉलम इंच, मग कॉलम सेंटिमीटर. साधारण तेहेतीस सेंटिमीटर रुंद पानाचे आठ भाग केले की कॉलम चार सेंटिमीटरचा. एकदा दरपत्रक या मापावर छापलं की मग कॉलम बदलणं म्हणजे गावातल्या प्रत्येक जाहिरातदाराशी नव्यानं बोलणी करणं. अमेरिकेत तर जाहिरातवाल्यांच्या सोयीसाठी १९८४मध्ये सगळ्यांनी मिळून सहा कॉलमांचं एकच माप मान्य केलं. आपल्याकडे आठाची सवय इतकी मुरली की ती भाषेत शिरली. कुणाच्या घरातलं भांडण चव्हाट्यावर आलं की शेजारीण म्हणते, आता आठ कॉलमी बातमी होणार.

माझी स्वतःचीही एक आठ कॉलमी चूक आहे. १९८८चा पावसाळा, रात्रीचा दीड. दमट हवेत पट्ट्या सुटत होत्या. एक बातमी एका कीर्तनकारबुवांच्या श्रद्धांजली सभेची, दोन कॉलमी. तिच्या शेजारी ढोल-ताशा स्पर्धेची, तीही दोन कॉलमी. दोन पट्ट्या गळून पडल्या, मी उचलून चिकटवल्या, अदलाबदल करून. सकाळी पुण्यानं वाचलं की बुवांच्या आठवणींनी उपस्थितांचे डोळे पाणावले, सर्व जण स्तब्ध उभे राहिले आणि बेभान होऊन ताल धरू लागले. फोन दुपारपर्यंत वाजत होता. संपादकांनी मला बोलावलं, पण ओरडले नाहीत, ते हसू दाबत होते. ती शिक्षा जास्त लागली.

त्या चुकीनं एक गोष्ट मात्र कायमची शिकवली. कॉलमाच्या तळाशी पोचलेला डोळा पुढच्या कॉलमाच्या माथ्यावर उडी मारतो, आणि ती उडी तो आपल्यावर विश्वास ठेवून मारतो. कागदावर ती उडी सोपी, कारण पान हातात आहे, माथा दिसतोय.

पुढचं भराभर झालं. १९८८ सालीच पुण्यात सी-डॅक या संगणक संस्थेची स्थापना झाली. त्यांचे 'सुरेख', 'योगेश' हे टाइप आणि मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' या पुण्यातल्याच गोष्टींवर पुढं आम्ही पानं लावली. पडद्यावर कॉलम म्हणजे तुटक रेघ झाली, माउसनं ओढली की सरकणारी. पहिल्या दिवशी मी ती नुसती इकडून तिकडे सरकवत बसलो होतो. बारा एम, चौदा एम, नऊ एम. कुणी स्टिक उलटी करेना.

वेबसाइटचा इतिहास मला भाचीनं सांगितला आणि तो ऐकताना मला सारखं वाटत होतं, हे मी पाहिलंय. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली लोकांपुढं आणलेल्या पहिल्या पानांत कॉलम नव्हते, वरून खाली सलग मजकूर. मग लोकांना वर्तमानपत्रासारखं पान हवं झालं. त्यासाठी साधन नव्हतं, म्हणून आकड्यांचे तक्ते दाखवण्याची सोय होती तिचेच कप्पे करून त्यांत मजकूर कोंबला. कप्पा कोसळू नये म्हणून एका ठिपक्याएवढं न दिसणारं चित्र ताणून मधे ठेवत. मी म्हटलं, ही तर आमची स्पेस! शिशाची, अक्षरापेक्षा बुटकी, छापली न जाणारी. १९९६मध्ये मांडणीची वेगळी भाषा आली, सीएसएस. तरी तीन कॉलम नीट उभे करणं इतकं जिकिरीचं होतं की एका लेखानं २००६ साली त्याला 'होली ग्रेल'च्या, म्हणजे परमपवित्र पात्राच्या, शोधाचं नाव दिलं. २०१०मध्ये इथन मार्कॉट यांनी मांडलं की पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला बदलतं ठेवावं. २०११मध्ये ट्विटरमधून 'बूटस्ट्रॅप' नावाचं मांडणीचं तयार साधन बाहेर आलं, त्यात पानाचे बारा अदृश्य भाग. २०१७मध्ये ग्रिड नावाची सोय सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आली आणि पान कसंही विभागता येऊ लागलं.

"बाराच का?" मी विचारलं.

"दोननं जातो, तीननं जातो, चारनं, सहानं."

आमच्या पायकाचेही बारा पॉइंट होतात. मी काही बोललो नाही, पण बरं वाटलं.

आठ दिवस झाले. रविवारी भाची आली तेव्हा मी टेबल मोकळं करून ठेवलं होतं. तिला म्हटलं, किती कॉलम ते मागाहून. आधी तुझं पान पडद्यावर पूर्ण रुंद कर आणि आईला वाचायला दे. माझी बहीण वाचनालयाचा इतिहास वाचू लागली आणि चौथ्या ओळीला तिचं बोट आपसूक काचेवर टेकलं. ओळीत सव्वीस शब्द होते. बोट लागलं म्हणजे ओळ लांब आहे. आम्ही ती अकरा-बारा शब्दांवर आणली, ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं, कारण आपल्या अक्षराला वर मात्रा आणि खाली उकार असतात, त्यांना श्वास लागतो. बोट उठलं.

"मग उरलेल्या जागेत याच मजकुराचा दुसरा कॉलम करू? पेपरसारखा?"

नको. पडद्यावर पान हातात नसतं, ते खाली खाली सरकतं. पहिल्या कॉलमाच्या तळाशी गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या माथ्यासाठी पुन्हा वर चढावं लागेल. उडीचा जिना होईल. खांब म्हणून कॉलमचं इथं काही काम नाही, कारण पेलायला काही नाही. ना दोरा, ना शिसं, ना तावाचा कर. राहिला तो कप्पा.

मग सात सभासदांच्या सात मागण्या मी सात चिठ्ठ्यांवर लिहिल्या आणि टेबलावर मांडल्या, पानाचा कच्चा आराखडा, म्हणजे डमी, लावायचो तशा. "यातलं मूळ कोणतं आणि टीका कोणती?" भाची बराच वेळ चिठ्ठ्या हलवत राहिली. शेवटी बहीणच आतून म्हणाली, "मला तर एवढंच बघायचं असतं की आज वाचनालय उघडं आहे का, आणि मला हवं ते पुस्तक आहे का." आम्ही दोघांनी चिठ्ठ्यांकडे पाहिलं. सातांतल्या एकीवरही हे नव्हतं.

आठवी चिठ्ठी लिहिली आणि ती मधे ठेवली. बाकीच्या सात एका बाजूला, एकाखाली एक. एक रुंद कॉलम, एक अरुंद. तिसऱ्याची गरज उरली नाही. देणगीदारांची नावं सगळ्यात खाली गेली. कार्यकारिणीला ते कसं सांगायचं हा भाचीचा प्रश्न, माझा नव्हे.

निघताना तिनं तेच पान मोबाइलवर उघडून दाखवलं. अरुंद पट्टी मुख्य मजकुराच्या खाली जाऊन बसली होती आणि सगळं मिळून झाली होती एकच लांबलचक उभी पट्टी. अंगठ्यानं सरकवत राहा, संपेचना. मी तो फोन हातात घेतला आणि डोळे अर्धे मिटून लांब धरला. गॅलीप्रूफ! पान लावायच्या आधीचं, एका कॉलमाचं. माझी जुनी पायकाची पट्टी कपाटात होती, ती काढून मोजलं. कडेची जागा सोडून ओळ चौदा एमांची भरली.

आणि मधोमध पांढऱ्या भेगा. भाचीनं दोन्ही कडा सरळ ठेवल्या होत्या, त्यामुळे 'महानगरपालिकेच्या' आला की आधीची ओळ ताणली जात होती. शिशात ओळ काठोकाठ भरावीच लागे, नाहीतर चौकट सैल पडून अक्षरं गळायची. इथं काय गळणार होतं?

"उजवी कड मोकळी सोड," मी म्हटलं.

तिनं तिथंच उभ्या उभ्या एक शब्द बदलला. भेगा मिटल्या. उजवीकडे ओळी जिथं संपायच्या तिथं संपल्या, कुठं आखूड, कुठं लांब. अण्णांनी ती कड पाहून स्टिक उलटी केली असती. मी फोन परत दिला.